न्यूरेंबर्गातला गुरुवार

न्यूरेंबर्गचा नाताळबाजार किती जुना, हे एका लाकडी डबीवरून ठरतं. लंबगोल, रंगवलेली, वीतभर लांबीची डबी. तिच्यावरचा मजकूर साधारण असा : अमुक कुमारिकेने तमुक मुलीला बाळयेशूच्या बाजाराची भेट म्हणून पाठवली, सन १६२८. डबी गावातल्याच राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवली आहे. बाजार त्याच्या आधीही भरत असेल, पण इतिहासाला लेखी काहीतरी लागतं, आणि कागद नसला तर तो भांड्यावर भागवतो. आपल्याकडे या दर्जाचे पुरावे स्वयंपाकघरातल्या मांडणीवर पालथे घातलेले असतात. ‘चि. सुमनला मावशीकडून सप्रेम भेट, १२-५-७९’ असं कोरलेला स्टीलचा डबा चारशे वर्षं टिकला, आणि तो टिकणारच, तर त्यावरून कुणीतरी अख्ख्या इस्लामपूरचा इतिहास मांडेल. आमचा दादा बँकेतून निवृत्त झालेला. डबीची हकीकत ऐकून तो म्हणाला, “देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे, तारीख आहे. पास करायला हरकत नाही.”

दादा-वहिनी एर्लांगेनला आले होते ते मुक्ताच्या बाळंतपणाला, आणि मी आलो होतो ते विमानतळावर त्या दोघांची चुकामूक होऊ नये म्हणून. म्हणजे मला काम एकच होतं आणि ते पहिल्याच दिवशी संपलं. एर्लांगेनहून न्यूरेंबर्ग रेल्वेने वीसेक मिनिटांवर. “शनिवार-रविवारी मुंगी शिरणार नाही काका, गुरुवारी जाऊ,” मुक्ता म्हणाली. निखिललाही, म्हणजे जावयालाही, गुरुवारीच सुट्टी घेता येत होती. गुरुवार म्हटल्यावर वहिनींनी भिंतीकडे पाहिलं. एर्लांगेनच्या भिंतीवरही कालनिर्णय असतं. मार्गशीर्षातला गुरुवार निघाला.

ज्यांच्याकडे हे महालक्ष्मीचं व्रत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी घट मांडायचा, दिवसभर उपास, संध्याकाळी पोथी, आरती, नैवेद्य आणि मग जेवण. शेवटच्या गुरुवारी उद्यापन. सवाष्णींना बोलावून हळदीकुंकू, फळ, पोथीची एकेक प्रत आणि वर एखादी वस्तू द्यायची. शिवाय महिनाभर घरात सामिष शिजत नाही. व्रत बायकोचं असलं तरी हे शेवटचं कलम नवऱ्याला आपोआप लागू होतं.

घटाला पाच झाडांचे डहाळे लागतात. डिसेंबरात जर्मनीतल्या झाडांना फांद्या असतात, पानं नसतात. हिरवं म्हणून उरतं ते एकच, दुकानात नाताळसाठी विकायला ठेवलेलं. त्यामुळे मुक्ताच्या ओट्यावर त्या सकाळी नारळाभोवती ख्रिसमसच्या झाडाचे डहाळे खोचलेली महालक्ष्मी बसली. खरं सांगायचं तर तिला ते शोभत होतं. पूजा आटोपून, बाळाच्या डोक्यावर दोन कानटोप्या चढवून, बाबागाडीसकट आम्ही निघालो.

बाजार भरतो तो हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकात. पावणेदोनशेच्या आसपास लाकडी दुकानं, आणि त्यांच्यावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची छपरं. दुरून एकसारखं दिसतं, कारण ते तसंच दिसावं असा नगरपालिकेचा दंडक आहे. इथे प्लॅस्टिकच्या माळा चालत नाहीत. ध्वनिमुद्रित नाताळगाणी दिवसभर वाजवायलाही मनाई आहे. हे ऐकून माझे डोळे भरून आले. पुण्यात गणपतीचे दहा दिवस चौकातल्या पहिल्या मजल्यावर ज्याने काढलेत, त्यालाच या कलमाची किंमत कळेल. बाजारात हजारो माणसं होती आणि ऐकू येत होतं ते फक्त माणसांचं बोलणं. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ नाही, अध्यक्षांचं स्वागत नाही, ‘एमएच बारा अमुक अमुक गाडी कुणाची आहे ती काढावी’ नाही. दादा म्हणाला, “सुरू कधी होणार आहे?”

सगळ्यात सुंदर दुकानाला दरवर्षी बक्षीस देतात. सोनेरी, चंदेरी आणि कांस्य असे तीन क्रमांक, आणि बक्षिसाचं नाव ‘त्स्वेच्गनमेन्ला’. म्हणजे सुक्या आलुबुखाराचा माणूस. ही इथली खासियत. तारेवर सुके आलुबुखार ओवून हात, पाय आणि पोट करायचं, वर डोक्याच्या जागी अक्रोड, अक्रोडावर डोळे-भुवया रंगवायच्या आणि कपडे घालायचे. मग तो लोहार होतो, धुराडी साफ करणारा होतो, डॉक्टर होतो, हातात हात घेतलेलं नवरा-बायकोचं जोडपं होतं. जवळून पाहिलं तर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर अक्रोडाच्या सुरकुत्यांमुळे पेन्शनच्या रांगेत उभं राहिल्याचा भाव आलेला असतो. वहिनींनी एक डॉक्टर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “आलुबुखार आणि अक्रोड,” त्या म्हणाल्या, “म्हणजे अख्खा माणूस उपासाला चालतो.” दुकानदारणीने घाईघाईने तो हातातून परत घेतला. मराठी तिला येत नसावं, पण नजर कळली असावी.

दादाची परीक्षा पुढच्याच वळणावर होती. न्यूरेंबर्गचे सॉसेज बोटाएवढे असतात. सात ते नऊ सेंटिमीटर लांब, वजन वीस ते पंचवीस ग्रॅम. ते याच गावात केलेले असतील तरच त्यांना न्यूरेंबर्गचं नाव लावता येतं, तसं युरोपीय संघाने २००३ पासून संरक्षण दिलंय. लाकडाच्या निखाऱ्यावर भाजतात आणि गोल पावात तीन-तीन घालून देतात. इतके बारीक का, तर म्हणे रात्री खाणावळ बंद झाल्यावर दाराच्या कुलपाच्या भोकातून बाहेरच्या गिऱ्हाइकाला सरकवता यावेत म्हणून. ही दंतकथा. मी पाव घेतला, कारण माझ्या घरी मार्गशीर्ष पाळत नाहीत. दादा शेजारी उभा राहून मला ही सगळी माहिती वाचून दाखवत होता, लांबी, वजन, भोक, युरोपीय संघ, सगळी, आणि मोहरी माझ्या कोटावर सांडते आहे याकडेही त्याचं लक्ष होतं. निग्रही माणूस. “वास फार छान आहे नाही,” एवढंच तो म्हणाला, आणि तेही वहिनी पुढे गेल्यावर.

दुपारी बारा वाजता सगळा चौक फ्राउएनकिर्शेकडे, म्हणजे मरियमच्या चर्चकडे, तोंड करून उभा राहतो. चर्चच्या दर्शनी भागावर १५०९ साली बसवलेलं यांत्रिक घड्याळ आहे. मध्ये सम्राट चौथा चार्ल्स सिंहासनावर बसलेला. बाराचे टोले पडले की दारातून सात पुतळे निघतात, त्याच्याभोवती तीन फेऱ्या घालतात आणि परत आत जातात. हे सात जण म्हणजे मतदार. सम्राट कुणी निवडायचा याचा कायदा या चार्ल्सने १३५६ मध्ये केला, त्याची ही आठवण. दादा खालून बघत होता. “आमच्या पतसंस्थेत उलटं असतं,” तो म्हणाला. “तिथे उमेदवार फिरतो आणि मतदार बसून असतात.”

याच चार्ल्सच्या संमतीने १३४९ मध्ये इथली ज्यूंची वस्ती पाडून हा चौक मोकळा करण्यात आला. शेकडो माणसं मारली गेली, आणि सिनॅगॉगच्या जागी हे चर्च उभं राहिलं. गाव हे लपवून ठेवत नाही, पण बाजारात कुणी मुद्दाम सांगतही नाही, आणि सांगितल्यावर हातातले भाजलेले बदाम काही क्षण तसेच राहतात.

दुसऱ्या महायुद्धात, २ जानेवारी १९४५ च्या रात्री, या जुन्या गावाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग बाँबहल्ल्यात पडला. मग लोकांनी पुन्हा बांधला. काही हुबेहूब, काही अंदाजाने. बाजार १९४८ मध्ये पुन्हा भरू लागला. मला हे माहीत होतं, वहिनींना नव्हतं. उतरत्या छपराच्या एका घराकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “हे किती जुनं असेल हो?” निखिलने विचार करून सांगितलं, “बाबांच्या वयाचं.” दादा लगेच पाठ ताठ करून उभा राहिला.

एकदा ही खोड लागली की प्रत्येक गोष्टीचं वय विचारावंसं वाटतं. चौकाच्या कोपऱ्यात ‘सुंदर कारंजं’ आहे. नावच ते. एकोणीसेक मीटर उंच, शिखरासारखं, रंगीबेरंगी पुतळ्यांनी भरलेलं, अगदी मध्ययुगीन. ते विसाव्या शतकाच्या तोंडावर केलेली प्रतिकृती आहे. मूळ कारंजं जेवढं शिल्लक होतं तेवढं संग्रहालयात. कठड्याच्या जाळीत एक चकचकीत पितळी कडं अडकवलंय. ते फिरवून मनात इच्छा धरली की पूर्ण होते म्हणतात. तिथे रांग होती. पण गावातले लोक सांगतात की ते कडं पाहुण्यांसाठी, खरं कडं पलीकडच्या बाजूला, काळं, लोखंडी. तिथे कुणीच नव्हतं. दादाने दोन्ही फिरवली. बँकेत राहिलेला माणूस एका ठिकाणी सगळं गुंतवत नाही.

आणि मग ती आली. ख्रिस्टकिंड. नाव ‘बालयेशू’, पण प्रत्यक्षात सोनेरी मुकुट, सोनेरी पिसारा आणि सोनेरी कुरळे केस असलेली एक तरुण मुलगी. मार्टिन ल्यूथरला संत निकोलसचं प्रस्थ नको होतं, म्हणून भेटी बालयेशू आणतो असं ठरलं, आणि पुढे शतकांच्या प्रवासात त्या बाळाची न्यूरेंबर्गात देवदूतासारखी मुलगी झाली. ती कशी झाली हे विचारायचं नसतं. बाजार सुरू होतो तेव्हा ती चर्चच्या सज्जात उभी राहून पद्यात आमंत्रण देते. हा कार्यक्रम अनादिकालापासूनचा वाटतो. तो सुरू केला १९३३ मध्ये, नाझींनी, आणि आजचं पद्य १९४८ मधलं. दर दोन वर्षांनी गावातून नवी मुलगी निवडतात. वय सोळा ते एकोणीस, उंची किमान एक मीटर साठ, हवा कशीही असली तरी टिकणारी आणि उंचावर चक्कर न येणारी पाहिजे. “एक साठ म्हणजे पाच-तीन,” वहिनींनी मनातल्या मनात हिशेब केला. “केस स्वतःचे?” टोप असतो, असं मुक्ताने सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

२०१९ मध्ये जी मुलगी निवडून आली तिचे वडील मूळचे भारतीय. एका कडव्या उजव्या पक्षाच्या शाखेने तिच्या दिसण्यावरून समाजमाध्यमावर कुत्सित टिप्पणी टाकली. देशभर इतका गदारोळ झाला की ती काढावी लागली. गाव मुलीच्या पाठीशी राहिलं आणि तिने दोन वर्षं काम चोख केलं. मुक्ता हे सगळं रंगवून सांगत होती. वर्णद्वेष, निषेध, पाठिंबा. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “भारतात कुठले ते?”

तिथून आम्ही किल्ल्याच्या बाजूला चढलो. बाबागाडी दगडी रस्त्यावर अशी खडखडत होती की बाळ गाढ झोपलं. वर चित्रकार आल्ब्रेष्ट ड्यूररचं घर आहे. हे घर युद्धातून बरंचसं वाचलं. ड्यूररचं माझ्यावर एक जुनं ऋण आहे, ते त्याच्या गेंड्याचं. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कला एक जिवंत गेंडा भेट दिला. त्याचं करायचं काय, म्हणून अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात घालून राजाला पाठवला. २० मे १५१५ ला गेंडा लिस्बनला उतरला. तिथून कुणीतरी न्यूरेंबर्गला पत्र आणि कच्चं रेखाटन धाडलं, आणि त्यावरून ड्यूररने लाकूडठसा केला. गेंडा त्याने जन्मात पाहिला नव्हता. पण चित्र असं ठणठणीत की अंगावर चिलखताचे पत्रे, त्यांना रिबिटं ठोकल्यासारखी, आणि पाठीवर एक जादा शिंग. पुढे दोन-अडीच शतकं युरोपात गेंडा म्हणजे हाच. खऱ्या गेंड्याला पोपकडे पाठवताना इटलीच्या किनाऱ्यावर जहाज बुडालं, त्यामुळे तक्रार करायलाही तो उरला नाही.

मला यात काही गैर वाटत नाही. पुण्यातल्या मॉलमध्ये डिसेंबरात तीस अंशांना प्लॅस्टिकच्या झाडावर जो कापूस पसरतात, तो आपला ड्यूररचा गेंडा. बर्फ न पाहता केलेला, जरा जास्तच भरघोस. गंमत अशी की त्या गुरुवारी न्यूरेंबर्गातही बर्फ नव्हता. बारीक पाऊस होता, आणि दुकानांच्या काचांवर पांढऱ्या रंगाने बर्फाचे ठिपके काढलेले होते. “पूर्वी पडायचा,” निखिलच्या ऑफिसातले सगळे म्हणतात. निखिल तिथे आल्यापासून म्हणतात.

खाली येईपर्यंत वहिनींना भूक लागली होती, आणि उपासाच्या भुकेत माणूस कायद्याचा बारकाईने अभ्यास करतो. बटाट्याचे तव्यावरचे वडे दिसले. बटाटा चालतो, पण आत कांदा, अंडं आणि पीठ. बाद. लेबकुखेन, म्हणजे गावाचं जगप्रसिद्ध मसाल्याचं बिस्किट. यातल्या एलिझन नावाच्या उत्तम प्रकारात बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा निदान पंचवीस टक्के हवा आणि पीठ दहा टक्क्यांवर जाता कामा नये, असा नियम आहे. “दहा टक्के तर काहीच नाही,” दादा वकिली करायला गेला, पण त्यातही अंडं असतं. बाद. दादाने स्वतःसाठी एक घेतलं आणि त्याच्या बुडाचा पांढरा कागद सोलून टाकला. तो कागद नसतो. पिठाची पातळ पापडी असते, खालून चिकटू नये म्हणून लावलेली, आणि ती खायची असते. म्हणजे त्याने जे टाकलं तेच नेमकं पिठाचं होतं. त्या बिस्किटात दालचिनी, लवंग, वेलदोडा. मिऱ्यांच्या आणि मसाल्यांच्या व्यापारावर हे गाव गब्बर झालं, आणि तो माल व्हेनिसमार्गे यायचा तो आपल्याच समुद्राकडून.

मग एका मोठ्या लोखंडी कढईत भाजलेले चेस्टनट दिसले. तपकिरी, साल तडकलेली, कागदी पुडीत गरमागरम. वहिनींनी एक सोलून नाकाशी धरलं. “शिंगाड्यासारखं लागेल,” मी म्हणालो. “लागेल. पण चालेल का?” हा प्रश्न जर्मनीत सुटण्यासारखा नव्हता. मिरजेला माईला, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीला, फोन लागला. तिथे संध्याकाळ झालेली. माई शाळेत इतिहास शिकवायची. तिने विचारलं, पाण्यात होतं की झाडाला? झाडाला. मुख्य जेवण म्हणून खातात का? पूर्वी डोंगराळ भागातले गरीब खायचे, निखिल म्हणाला. माई क्षणभर गप्प झाली आणि मग तिने निकाल दिला. बटाटा पोर्तुगीजांनी आणला, शेंगदाणा त्यांच्यामागोमाग आला, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदही तिकडचाच. सगळं अमेरिकेहून जहाजातून आलं आणि आपण त्याचा उपास केला. “तुझं चेस्टनट विमानाने जाऊन खाल्लंस एवढाच फरक. खा.” वहिनींनी पुडी संपवली आणि दुसरी घेतली. रोख पैसे मोजून, कारण तिथे कार्ड चालत नव्हतं. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीलाही मोबाइलने पैसे देणारा दादा यावर बराच वेळ बोलत होता.

त्याला गप्प करायला ग्लूवाइन आणली. उकळती नव्हे, गरम केलेली लाल वाइन, मसाला घातलेली, आणि इथे तिचा जांभळासारख्या ब्लूबेरीचाही प्रकार मिळतो. ग्लूवाइनला काढा म्हणायचा मोह मराठी प्रवाशाला आवरत नाही असं ऐकून होतो, म्हणून मी तो शब्द वापरत नाही. कायद्याने तिच्यात निदान सात टक्के अल्कोहोल असावं लागतं. दादाचं म्हणणं, मार्गशीर्षात सामिष वर्ज्य, द्राक्षाबद्दल पोथीत अवाक्षर नाही. वहिनींना लहान मुलांसाठी असतो तो बिनदारूचा गरम फळांचा रस. आणि हे सगळं मिळतं चिनी मातीच्या मगमध्ये. दरवर्षी नवं चित्र, त्यावर साल छापलेलं. मगची तीन-चार युरो अनामत आधी घेतात, मग परत केला की पैसे परत. दादाने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. “ठेव योजना आहे. व्याज नाही, पण मुद्दल सुरक्षित.”

मी मग हातात फिरवून बघत होतो. निळसर, चर्च, त्याच्यामागे तारे. वहिनीही बघत होत्या, पण वेगळ्या नजरेने.

“भाऊजी, हे परत नाही केले तर?”

“तर ते आपले.”

“म्हणजे अनामतीतच मिळतात.”

“हो.”

“दुकानात असा मग कितीला गं, मुक्ता?” मुक्ताने आकडा सांगितला. वहिनींनी मान डोलावली. पुढच्या गुरुवारी उद्यापन होतं आणि एर्लांगेनमधल्या सात सवाष्णींना बोलावणं आधीच गेलं होतं.

“अहो, वाइनचे आहेत ते!” दादा म्हणाला.

“मग न भरलेले घेऊ.”

एव्हाना सव्वाचार वाजले होते. निखिलने मोबाइलवर पाहून सांगितलं की सूर्यास्त झाला. दिवसभर सूर्य दिसलाच नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी मोबाइलवर विश्वास ठेवला. मिरजेत मार्गशीर्षातला उपास सुटायला सात-साडेसात होतात. इथे घरी पोचून, पोथी वाचून, आरती करून साडेपाचला ताट वाढता येणार होतं. वहिनींनी या देशाबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोलायला सुरुवात केली.

त्या दुकानाच्या खिडकीशी गेल्या. आत तांबड्या गालांचा, कानापर्यंत लोकरी टोपी ओढलेला माणूस पळी घेऊन सज्ज होता. वहिनींनी सात बोटं दाखवली. त्याने खूश होऊन सात मग मांडले आणि पळी पातेल्यात बुडवली. वहिनींनी आडवा हात केला. त्याने दुसऱ्या पातेल्याकडे, ब्लूबेरीच्या, बोट दाखवलं. पुन्हा आडवा हात. मुलांचा रस? नाही. त्याने मुक्ताकडे पाहिलं, मुक्ताने जर्मनमध्ये समजावलं, आणि तो पळी तशीच धरून त्या सात रिकाम्या मगांकडे बघत राहिला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. त्याने उत्तर दिलं आणि रांगेत हसू पसरत मागे गेलं.

मग त्याने एकेक मग फडक्याने पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आठवा आपण होऊन बाबागाडीच्या खालच्या जाळीत ठेवला. दादाने त्याची अनामत द्यायला पाकीट काढलं. त्याने हात हलवून नको म्हटलं.

“अगं, पावती माग,” दादा मुक्ताला म्हणाला.